कुंपणालगत टेबेरी, बॉइसेनबेरी, काळी रास्पबेरी: काय लावायचं, कसं बांधायचं?

परसदार_हिल्सबरो

नमस्कार मंडळी. हिल्सबरो (ओरेगन) इथे मागच्या अंगणात २४ फूट लांबीचं लाकडी कुंपण आहे. त्याची आतली बाजू दक्षिणेला असल्यामुळे दिवसभर ऊन मिळतं. कुंपणालगतची पाच फुटांची पट्टी आता मोकळी करतोय. साधी लाल रास्पबेरी आणि ब्लॅकबेरी कुठल्याही दुकानात मिळते. ही जागा त्याच कुळातल्या, पण विकत न मिळणाऱ्या फळांना द्यायची आहे: टेबेरी, लोगनबेरी, बॉइसेनबेरी, मॅरियनबेरी, काळी रास्पबेरी. एका यादीत वाइनबेरीही दिसली.

माती चिकण आहे, हिवाळ्यात दोन-दोन दिवस पाणी उभं राहतं. गेली तीन वर्षं इथे टोमॅटो, मिरची आणि वांगी होती. घरात चार आणि सात वर्षांची मुलं आहेत, त्यामुळे काट्यांचाही विचार करावा लागेल.

किती रोपं बसतील? तारा कशा ओढायच्या? आणि छाटणीबद्दल फार गोंधळ आहे. कुठे म्हणतात उन्हाळ्यात शेंडा खुडा, कुठे म्हणतात अजिबात हात लावू नका. यातलं खरं काय?

सालेमकर

दोन्ही खरं आहे, पण वेगवेगळ्या झाडांसाठी. सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

या सगळ्यांची मुळं बरीच वर्षं जगतात, काडी मात्र दोनच वर्षं. (काडी हा द्राक्षबागेतला शब्द, पण इथे नेमका बसतो.) पहिल्या वर्षी काडी नुसती वाढते. दुसऱ्या वर्षी तिच्या डोळ्यांतून (कळ्यांतून) आखूड फळफांद्या फुटतात, फळ येतं, आणि काढणी झाली की ती काडी वाळते. म्हणजे जूनमध्ये एकाच झाडावर दोन पिढ्या शेजारी-शेजारी असतात. चुकून नवी काडी कापली तर पुढच्या वर्षीचं पीक गेलं, आणि जुनी तशीच ठेवली तर बुरशीला घर मिळालं.

आता दोन गट करा.

टेबेरी, लोगन, बॉइसेन आणि मॅरियन हे पसरणारे. काडी १० ते १५ फूट जाते, मॅरियनची २० फुटांपर्यंतसुद्धा. त्यांचा शेंडा खुडायचा नाही. पीक त्या लांबीवरच येतं.

काळी रास्पबेरी कमानीसारखी वाढते आणि तिचा शेंडा खुडावाच लागतो. नवी काडी २४ ते ३० इंचांची झाली की वरचे तीन-चार इंच खुडून टाका. सगळ्या काड्या एकदम त्या उंचीला येत नाहीत, म्हणून मेअखेर ते जुलैपर्यंत दर आठवड्याला एक फेरी मारा. खुडल्यावर बगलफुटी (बाजूच्या फांद्या) निघतात आणि पुढच्या वर्षीचं बहुतेक फळ त्यांच्यावरच लागतं. काडी चार-पाच फूट गेल्यावर खुडली तर बगलफुटी बारीक आणि उशिरा येतात, थंडीपर्यंत पक्व होत नाहीत. न खुडलेली काडी वाकून जमिनीला टेकते आणि टोकाला मुळं धरते. करवंदाच्या जाळीसारखी जाळी व्हायला दोन वर्षं पुरतात. फेब्रुवारीअखेरीस बगलफुटी दोन ते अडीच फुटांवर कापायच्या आणि प्रत्येक झाडाला पाच-सहा जाड काड्या ठेवायच्या.

आता निवड. मॅरियनबेरी ओरेगनचीच, १९५६ मध्ये आलेली. चव फारच चांगली, पण काटे जबर आणि पसारा तुमच्या अख्ख्या कुंपणाएवढा. मुलं आहेत तर तिच्याऐवजी कोलंबिया स्टार घ्या. ही बिनकाट्याची जात २०१४ मध्ये इथूनच प्रसिद्ध झाली आणि चवीला मॅरियनच्या बरीच जवळ जाते.

टेबेरी जरूर लावा. ती स्कॉटलंडमध्ये तयार झाली, १९७९ मध्ये आली आणि टे नदीवरून तिचं नाव पडलं. पण तिच्या पालकांपैकी ऑरोरा ही ब्लॅकबेरी ओरेगनची, त्यामुळे आपल्या विलामेट खोऱ्यातलं हवामान तिला परकं नाही. बारीक काटे असतात. नको असतील तर बकिंगहॅम ही बिनकाट्याची टेबेरी शोधा. फळ लाल दिसलं म्हणून तोडू नका, ते अजून आंबट असतं आणि देठाला घट्ट धरून असतं. गडद, जांभळट वाइनच्या रंगावर आल्यावर चव भरते. आतला पांढरट गाभा फळासोबतच येतो, तो तसाच खायचा. काळी रास्पबेरी मात्र टोपीसारखी पोकळ निघते.

लोगनबेरी १८८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ इथे न्यायाधीश लोगन यांच्या बागेत आपोआप झालेल्या संकरातून आली. जॅमला उत्तम, तशीच खायला आंबट. बॉइसेनबेरीचं फळ मोठं आणि रसाळ, पण इतकं मऊ की दोन दिवसांत रस सोडतं, म्हणूनच ती दुकानात दिसत नाही. चारांपैकी दोनच निवडायच्या तर माझं मत टेबेरी आणि कोलंबिया स्टार. २४ फुटांत दोघींना आठ-आठ फूट द्या. उरलेल्या आठ फुटांत काळ्या रास्पबेरीची तीन रोपं, अडीच-तीन फुटांवर.

वाइनबेरी लावू नका. मूळची पूर्व आशियातली, १८९० मध्ये पैदाशीसाठी अमेरिकेत आणलेली, आणि आता पूर्वेकडच्या राज्यांत तिने जंगलं व्यापली आहेत. पक्षी बी कुठेही टाकतात. परसातला मोह परसात राहत नाही.

रानमेवा

सालेमकरांच्या आखणीत एक बदल करा. काळी रास्पबेरी त्या पट्टीत अजिबात नको.

कारण तुमची टोमॅटो, मिरची आणि वांगी. व्हर्टिसिलियम ही मर रोगाची बुरशी या पिकांवर पोसते (बटाटा आणि स्ट्रॉबेरीवरही) आणि पीक काढल्यानंतर बारीक काळ्या कणांच्या रूपात मातीत दहा-दहा वर्षं टिकते. बेरींच्या कुळात काळी रास्पबेरी या बुरशीला सगळ्यात लवकर बळी पडते. लक्षण असं: जुलैच्या उन्हात नव्या काडीची खालची पानं आधी पिवळी पडतात, मग वाळणं वर सरकत जातं, आणि काडीवर निळसर-जांभळा पट्टा दिसतो. पाणी कमी पडलं असं वाटून लोक पाणी वाढवतात, पण झाड वाचत नाही. ऑगस्टमध्ये टोमॅटोच्या खालच्या पानांवर इंग्रजी व्ही अक्षरासारखे पिवळे डाग दिसले असतील तर बुरशी तिथे आहे असंच धरा.

काळीसाठी लॉनचा एक तुकडा उखडा. गवताखालच्या जमिनीत टोमॅटो-वांग्याच्या कुळातलं काही लागलेलं नसतं. नऊ फूट बाय तीन फूट पुरे. रोपं विषाणूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र असलेल्या नर्सरीतूनच घ्या, शेजाऱ्याकडून आलेला फुटवा नको. मावा कीड लाल रास्पबेरीतले विषाणू काळीवर नेते. व्यावसायिक लागवडीतही काळीचं आयुष्य कमीच असतं, घरी चार-पाच वर्षांनी नवी रोपं लावायची तयारी ठेवा.

बाकी दोघींनाही थोडा धोका आहेच, पण त्यांच्यासाठी पट्टी वापरता येईल. तिथे तुमचा मोठा शत्रू पाणी आहे. आधी निचरा तपासा: एक फूट खोल खड्डा करा, पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या, पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. तासाला इंचभरही पाणी उतरत नसेल तर सपाट जमिनीत लावू नका. मुळं कुजवणारी फायटोफ्थोरा अशाच जागी येते.

उपाय गादीवाफा. १२ इंच उंच, ३० इंच रुंद. भर म्हणून विकतची माती आणि कंपोस्ट साधारण तीनास एक. भर घालण्याआधी खालची चिकण माती आठ इंच काट्याने सैल करा आणि थोडी भर तिच्यात मिसळा, म्हणजे दोन थरांमध्ये पाणी अडणार नाही. सर्वांत वाईट पद्धत म्हणजे चिकण मातीत खड्डा करून त्यात नुसतं कंपोस्ट भरणं. त्या खड्ड्याची बादली होते आणि रोप तिच्यात बुडतं. सामू ५.६ ते ६.५ हवा. आपल्याकडे तो सहसा कमीच असतो, चाचणी केल्याशिवाय चुना टाकू नका.

पाण्याचा हिशोब: आठ फूट बाय तीन फूट जागेला आठवड्याला एक इंच पाणी म्हणजे १५ गॅलन, साधारण ५७ लिटर. ठिबकची नळी दीड फुटावर ड्रिपर असलेली, प्रत्येकी ताशी अर्धा गॅलन. एका झाडाला पाच ड्रिपर येतात, म्हणजे आठवड्याला सहा तास. दोन-दोन तास तीनदा चालवा. फळ भरताना आणि कडक उन्हात दीडपट. वरून तुषार नको, ओल्या फळावर करडी बुरशी चढते.

खत: तिसऱ्या वर्षापासून एका झाडाला वर्षाला साधारण ५० ग्रॅम नत्र, म्हणजे १०-१०-१० खत (ज्यात नत्र १० टक्के) असेल तर ५०० ग्रॅम. निम्मं डोळे फुटताना, निम्मं मेअखेरीस. पहिल्या वर्षी याच्या निम्मं, रोपापासून फूटभर लांब पसरून. जुलैनंतर नत्र देऊ नका, काडी कोवळी राहते आणि थंडीत मरते. लाकडाच्या चिप्सचं आच्छादन तीन इंच, पण बुंध्याला टेकू देऊ नका.

परसदार_हिल्सबरो

बरं झालं विचारलं. टोमॅटोवर तसे डाग होते, तेव्हा काळीसाठी लॉन उखडतो.

दोन शंका. एक, तारा कुंपणालाच मारल्या तर चालेल का? दोन, बिनकाट्याची लोगनबेरी मिळतेय, पण "मुळाजवळ खणू नका" असं तिच्यावर लिहिलंय. ते का?

सालेमकर

कुंपणाला मारू नका. पानांमागे हवा खेळत नाही, आणि मागच्या काड्या कापायला हातच पोचत नाही. कुंपणापासून दोन फूट सोडून स्वतंत्र खांब रोवा. टोकांना चार बाय चारचे, जमिनीत वापरायला प्रक्रिया केलेले आठ फुटी लाकडी खांब, दोन फूट जमिनीत. तुमच्या १६ फुटांना मधे एक लोखंडी टी-खांब पुरेल. १२ गेजची तार, वरची सहा फुटांवर, खालची साडेचार फुटांवर. एका टोकाला टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) घाला, कारण फळांच्या वजनाने तार दरवर्षी सैल पडते. टोकाच्या खांबांना तिरका आधार द्या, नाहीतर ताण दिल्यावर ते आत झुकतात.

बांधणी अशी: उन्हाळाभर नव्या काड्या रांगेतच जमिनीलगत लोळू द्या, वाटेवर आल्या की उचलून आत सारा. काढणी संपली की जुन्या काड्या जमिनीलगत कापा, आणि ओढून काढण्याआधी त्यांचे दोन-दोन फुटांचे तुकडे करा. अख्खी काडी ओढली तर तिचे काटे नव्या काडीची साल सोलतात. मग ऑगस्टअखेरीस आठ-दहा दणकट नव्या काड्या निवडून दोन जुड्या करा, एक डावीकडे, एक उजवीकडे. जुडी वरच्या तारेवर न्या, पलीकडून खाली घ्या, खालच्या तारेखालून वळवून पुन्हा बुंध्याकडे आणा. वळण मोठं आणि गोल ठेवा, काटकोनात वाकवलेली काडी मोडते. मऊ सुतळीने सैल बांधा.

ऑगस्टमध्ये बांधलं तर पीक जास्त येतं, पण तारेवरची काडी थंड वाऱ्यात उघडी पडते. साधारण उणे १० अंश सेल्सियसच्या खाली या जाती मार खातात. तुमचं घर गॉर्जच्या (कोलंबिया नदीच्या घळीतून येणाऱ्या) पूर्ववाऱ्याच्या माऱ्यात असेल तर काड्या जमिनीवरच राहू द्या आणि फेब्रुवारीअखेरीस, डोळे फुगायच्या आत, बांधा. फुगलेले डोळे हाताला लागले तरी गळतात.

लोगनबेरीचं: जुन्या बिनकाट्याच्या जातीत काटे नसण्याचा गुण फक्त बाहेरच्या थरात असतो, आतलं झाड काटेरीच. काडीवरच्या डोळ्यातून फुटलेला फुटवा बिनकाट्याचा येतो. पण फावड्याने मूळ दुखावलं तर तिथून येणारा फुटवा आतल्या थरातून येतो आणि पूर्ण काटेरी असतो, शिवाय वाढीला जोमदार. दोन वर्षांत तोच मूळ झाडाला मागे टाकतो. असा फुटवा दिसला की कापू नका, माती बाजूला करून मुळापासून खेचून काढा. कोलंबिया स्टारमध्ये ही भानगड नाही.

काटेसावर

किडीचा मुद्दा राहिला. ठिपक्याच्या पंखाची फळमाशी, ड्रोसोफिला सुझुकी. ओरेगनमध्ये २००९ पासून आहे. साधी फळमाशी सडक्या फळावर येते, ही पिकत आलेल्या धडधाकट फळाची साल कापून आत अंडी घालते. फळ बाहेरून छान दिसतं, हातात घेतलं की चुबचुबीत लागतं.

तिची संख्या जुलै-ऑगस्टमध्ये वाढत जाते, म्हणून जूनअखेरीस सुरू होणारी टेबेरी बरीचशी सुटते आणि उशिराच्या ब्लॅकबेरी सापडतात. तुमची निवड या दृष्टीनेही बरोबर आहे. दर दोन दिवसांनी तोडा, पिकलेलं एकही फळ झाडावर ठेवू नका, तोडलं की तासाभरात फ्रिजमध्ये. खाली पडलेली फळं कंपोस्टमध्ये नको. पारदर्शक पिशवीत बांधून आठवडाभर उन्हात ठेवा, मग कचऱ्यात. जाळी लावायची तर छिद्र एक मिलिमीटरपेक्षा मोठं नको. फुलं संपून पहिल्या फळाला रंग चढायच्या आत टाका (आधी टाकली तर मधमाशी अडेल) आणि कडा मातीत दाबा.

फळांत अळी आहे का बघायला चार कप पाण्यात पाव कप मीठ विरघळवा, फळं हलकी दाबून त्यात टाका आणि पंधरा मिनिटं थांबा. असतील तर दोन मिलिमीटरच्या पांढऱ्या अळ्या वर येतात. मुलांसमोर नका करू, नंतर ती फळं खाणार नाहीत.

कुंपणापलीकडे जंगली हिमालयन ब्लॅकबेरी आहे का बघा. जाड, कोनदार काडी, पानाची खालची बाजू पांढरट. नावात हिमालय असला तरी ती आर्मेनिया आणि उत्तर इराणकडची, लूथर बरबँक यांनी १८८५ मध्ये त्या नावाने विकायला आणली. तीच या माशीचं उन्हाळ्यातलं कोठार. मुळाचा गड्डा खणून काढल्याशिवाय जात नाही.

दक्षिणमुखी कुंपण म्हणजे उष्णताही आली. २८ जून २०२१ ला पोर्टलंडला ११६ फॅरनहाइट झालं तेव्हा खोऱ्यातली कितीतरी बेरी फळं झाडावरच भाजली. एरवीही ९५ च्या वर गेलं की उन्हाकडच्या बाजूचे मणी (फळाचे बारीक दाणे) पांढरे पडतात. तो रोग नाही, फळ खाता येतं, फक्त ते मणी बेचव लागतात. ३० टक्के सावलीचं कापड तारेवर टाकायला क्लिपा तयार ठेवा, दुपारपुरतं टाका आणि काढा. कायम ठेवलं तर गोडी उतरते.

आणि फळ हातात घेतल्यावर मणी सुटे होऊन चुरा झाला तर लगेच झाड उपटू नका. फुलोऱ्यात आठवडाभर थंड पाऊस असेल तर परागीभवन अर्धवट होतं आणि तेवढ्याच दिवसांतल्या फुलांची फळं तशी येतात. सगळ्या झाडावर, सलग दोन वर्षं तसंच झालं तर विषाणू समजा. तेव्हा मात्र मुळासकट काढा.

गच्चीवरची_बाग

पुण्याहून विचारतेय. यातलं काही गच्चीवर जमेल का? भाऊ बीव्हर्टनला असतो, डिसेंबरमध्ये येताना टेबेरीच्या काड्या आणता येतील का?

रानमेवा

ताई, काड्या आणायला सांगू नका. आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र नसेल तर रोपं, काड्या भारतात आणता येत नाहीत. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशात ते स्पष्ट आहे, आणि विषाणूंबद्दल वर जे लिहिलंय तेच त्यामागचं कारण आहे. शिवाय टेबेरीचे डोळे फुटायला हिवाळ्यात सलग थंडी लागते. पुण्यात ती मिळत नाही, पानं येतील, फूल येणार नाही.

तुमच्यासाठी आपलीच जात आहे: रूबस नायव्हियस, म्हणजे म्हैसूर रास्पबेरी. हिमालयापासून सह्याद्रीपर्यंत रानात वाढते. काडीवर पांढरी भुकटी, आकड्यासारखे काटे, फळ लाल होऊन मग जांभळट काळं. अमेरिकेतही दक्षिण फ्लोरिडात, जिथे बाकी रास्पबेरी टिकत नाही, तिथे हीच लावतात. कुंडी किमान २० इंचांची, तळाला भोकं भरपूर, मार्चपासून दुपारनंतर सावली. जमिनीत लावलीत तर टोकं टेकू देऊ नका, कारण तीही टोकाने पसरते.

परसदार_हिल्सबरो

शेवटचं विचारतो. टेबेरीचं एकच रोप आणून पुढे त्याचीच वाढवता येतील का? आणि मोकळ्या मुळांचं (मातीशिवाय) रोप आलं तर किती खोल लावायचं?

सालेमकर

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये लावा. मुळं दोन तास पाण्यात ठेवा, रात्रभर नको. गड्डा मातीच्या पातळीखाली एक इंच, मुळं पंख्यासारखी पसरलेली. वर काडी असेल तर सहा इंचांवर कापा. पहिल्या वर्षी त्या काडीवरच्या दहा फळांचा मोह धरण्यापेक्षा नव्या काड्या येऊ देणं महत्त्वाचं.

टेबेरी टोकाने वाढवता येते. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात नव्या काडीचं टोक उंदराच्या शेपटीसारखं बारीक होतं, पानं लहान आणि जवळजवळ येतात. ते टोक मुळं धरायला तयार असतं. चार इंच खोल खाच करा, टोक सरळ खाली घालून माती दाबा, हवं तर दगड ठेवा. आडवं पुरलं तर टोक पुन्हा वर निघून वाढत राहतं. मार्चमध्ये आठ इंच काडी ठेवून मूळ झाडापासून तोडा आणि त्याच दिवशी नव्या जागी लावा. कोलंबिया स्टारचं असं करू नका, तिच्यावर पेटंट आहे.